पाव फेरा

तंजावूर,
९ मार्च १९९६

प्रिय अण्णा,

सतरा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे आणि सुरुवात एका गाडीच्या इंजिनापासून करते आहे. हसू आलं तर हस. वेंकटरावांची काँटेसा आता उभ्या उभ्या बंद पडत नाही. दिवे लावून, पंखा लावून काल पाच मिनिटं उभी केली, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेनऊशेच्या आसपास राहिला. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातली कॉफीसुद्धा सांडली नाही. ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये असं वाटलं.

वेंकटराव पोंगलनंतर पहिल्यांदा आमच्या वर्कशॉपवर आले. पापनाशमजवळ त्यांची भाताची गिरण आहे आणि माणूस हौशी. परदेशातून आलेला एक सुपरचार्जर त्यांनी मिळवला होता. इंजिनात जोरानं जास्त हवा भरणारा तो पंप गाडीला बसवून हवा होता. "कोइमतूरच्या शेषाद्रीसाहेबांनी सांगितलं, हे काम तंजावूरचे रमणरावच करतील," असं ते म्हणाले, तेव्हा मी यांना डबा द्यायला तिथं आले होते. तुझं नाव ऐकून मी तशीच मागं फिरले. खरं सांगते, मला राग आला. मेकॅनिकशी लग्न केलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस, असं अप्पा म्हणाले तेव्हा तू खांबाशी उभा होतास. इंजिनियर झालेला, घरातला शिकलेला मुलगा. तू एक शब्द बोलला नाहीस. अप्पांच्या तेराव्यालासुद्धा मी तुझ्यासमोर बसून जेवले आणि न बोलता उठले. आता आमच्यावर उपकार करायला निघालास, असं मला वाटलं.

पण काम नको म्हणण्याची ऐपत नव्हती. गावात नव्या छोट्या गाड्या आल्यात, त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जातात. राजवाड्यामागच्या आमच्या शेडमध्ये आठवड्यात एखादी जुनी ॲम्बॅसडर आली तर आली. हे दिवसभर दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसून पेपर वाचायचे. काँटेसा आली आणि बऱ्याच महिन्यांनी शीळ घालत आंघोळ केली त्यांनी.

सुपरचार्जर बसला. गाडी पळायला लागली म्हणजे अशी पळायची, की वेंकटराव लहान मुलासारखे ओरडायचे. पण उभी केली की थरथरायची, आवाज खाली जायचा आणि गप्प. यांनी आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीचा वेग ठरवणारा स्क्रू आवळून वेग चौदाशेवर नेला. मग उभी राहायची, पण अशी गुरगुरत, की शेजारच्या भामामामी खिडकी लावून घ्यायच्या. शेवटी तिरुवैयारूच्या पुलावर, समोरून बस येतेय म्हणून वेंकटराव थांबले, तेवढ्यात काटा वरखाली होऊन गाडी बंद पडली. पुन्हा चालू होईना. मागं चार बसगाड्या हॉर्न वाजवत होत्या. वेंकटराव सभ्य माणूस. एवढंच म्हणाले, "रमणराव, हौस माझी आहे, पण लोकांनी हसू नये. पुढच्या शनिवारपर्यंत बघा. नाही जमलं तर होतं तसं करून द्या."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. वेंकटरावांनी तुला फोनवर सांगितलं असावं, दोन दिवसांनी तुझं पत्र आलं.

पाकीट यांच्या नावाचं. आत चार पानं, सगळी देवनागरीत. हे तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात, मराठी फक्त बोलतात हे तुला चांगलं ठाऊक आहे. मी चिडूनच त्यांना वाचून दाखवायला बसले. तू लिहिलं होतंस, की सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो आणि पट्टा इंजिनच फिरवतं. गाडी उभी असताना इंजिनाकडे स्वतःपुरतीच ताकद असते, त्यातली थोडी हा पाहुणा खातो, म्हणून वेग पडतो. तेव्हा वेग थोडा वाढवावाच लागेल, पण हजाराच्या पलीकडे नको. त्याहून जास्त लागत असेल तर दुखणं वेगळं आहे, कुठूनतरी चोरवाटेनं हवा आत शिरते आहे, ती शोध. आणि कार्बोरेटर आता इंजिनापासून लांब गेला, त्यामुळे स्क्रू फिरवल्याचा परिणाम उशिरा दिसेल. घाई नको. पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं.

त्यापुढची ओळ मी मोठ्यानं वाचली, आणि मग तीच मनात पुन्हा वाचली. "पाव फेरा तुझ्या हातानं आता नेमका येणार नाही, रमण. अंबुजाला दे. तिचा हात लहानपणापासून स्थिर आहे."

मी वर पाहिलं. यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते. सहा महिन्यांपासून दाढी न्हाव्याकडे का, पेला अर्धाच का भरायचा, सही करताना मला बाहेर का पाठवायचं, हे सगळं मला एका क्षणात कळलं. गणित शिकवते मी शाळेत, अण्णा, आणि घरातलं एवढं साधं मला जुळवता आलं नव्हतं. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या सुमारास कोइमतूरला पार्ट आणायला गेले असताना दुकानात योगायोगानं तू भेटलास, आणि तुझ्यासमोरच त्यांच्या हातातून नट तीनदा पडला. तो तू उचलून दिलास, आणि तसाच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलास. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. अंबूला सांगू नकोस म्हणून यांनी तुला शपथ घातली. तू शपथ पाळलीस, आणि मला वाचावंच लागेल असं पत्र लिहिलंस.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी शेडमध्ये. पदर खोचून. हे स्टुलावर बसून ऐकायचे आणि सांगायचे, मी करायची. हवेची चोरवाट कुठं बुजते ते बघत सगळ्या जोडांवर मी दातांच्या जुन्या ब्रशनं घट्ट तेल लावत गेले. सुपरचार्जरखालच्या जोडात बसवलेल्या पातळ चकतीला, गॅस्केटला लावलं आणि इंजिनाचा आवाज एकदम सरळ झाला, तेल आत ओढलं गेलं तसा पुन्हा वाकडा. "सापडलं!" हे एवढ्या जोरात ओरडले, की भामामामी धावत आल्या. नवं गॅस्केट यांनी सांगितलं तसं मी आखलं, मीच कापलं. बोल्ट मी आवळले. मग स्क्रू मागं घेत आणला. पाव फेरा, थांबायचं. पाव फेरा, थांबायचं. थांबताना आम्ही बोलायचो. दुखण्याविषयी, आमच्या लेकीच्या, संगीताच्या दहावीविषयी, हे उद्या कसं काम करतील त्याविषयी. इतकं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. मला वाटायचं त्यांना बोलायला आवडत नाही. त्यांना भीती वाटत होती.

काल वेंकटरावांनी गाडी नेली. "कुणी केलं?" विचारलं तर हे म्हणाले, "ऐकलं मी, केलं हिनं." वेंकटरावांनी मला वाकून नमस्कार केला, मी लाजून आत पळाले.

त्या खांबाशी तू गप्प राहिलास ते मी विसरणार नाही, खोटं कशाला लिहू. पण तू पाठवलेलं काम आणि ती चार पानं या दोहोंनी आमचं घर धरून ठेवलं, हेही तितकंच खरं. माझ्या नवऱ्याची लाज तू राखलीस आणि त्याचं दुखणं माझ्यापर्यंत पोचवलंस. यासाठी धन्यवाद हा शब्द मला फार कोरडा वाटतो. दुसरा सापडला की लिहीन.

आता ज्यासाठी बसले ते. येत्या बावीस तारखेला यांना वेल्लोरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. यांच्यासमोर मी खंबीर आहे. संगीतासमोर, शाळेत, सासूबाईंसमोरही. सगळ्यांना सांगितलंय, की मी एकटी नेईन, त्यात काय एवढं. तुला म्हणून सांगते, मला फार भीती वाटते. डॉक्टर काय सांगतील ते ऐकताना माझ्या बाजूला माझं कुणीतरी हवं. तू काही बोलला नाहीस तरी चालेल, अण्णा. या वेळी नुसता जवळ उभा राहा. येशील?

तुझीच,
अंबू