पालक प्रतिनिधी हिंदुराव

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार सकाळ

तीर्थरूप वैजयंती आत्या, तुला आणि जोतीराम मामांना अजिंक्यचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे, मामांचा खोकला थांबला का, गाय व्याली का, हे सगळं मी मनापासून विचारतोय. पुढे जे लिहिणार आहे त्यासाठी तुला मऊ करावं म्हणून नाही (थोडं त्यासाठीही). माझी तब्येत ठीक, म्हणजे हिंडतोफिरतो आहे. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि अंगणात जो कोण बसलेला असेल तो माझ्या खुशालीत भाग घेतो. ही खुशाली तशी नाही. माझं वर्ष गेलं, आत्या. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला पाच विषय राहिले, आता कॉलेज तिसऱ्या वर्षाला बसू देत नाही, आणि बाबांना यातलं काहीही माहीत नाही.

अभ्यास केला नाही असं नाही. बारावीपर्यंत माढ्यात मराठीतून शिकलो. इथे सर सगळं इंग्रजीत शिकवतात आणि शेवटी ‘समजलं का’ एवढं मराठीत विचारतात. मला तेवढंच समजायचं, म्हणून मी हो म्हणायचो. शिवाय आमच्यात कॉम्प्युटरचा प्रोग्राम परीक्षेत पेनाने कागदावर लिहायचा असतो (ही थट्टा नाही, खरंच). मी जावाचे बारा प्रोग्राम आरतीसारखे तोंडपाठ केले. पेपरात तेरावा आला. तिकडे बाबांना वाटतं, पोरगं कॉम्प्युटर कोळून प्यायलं. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्याचा मोबाईल बिघडला की ते म्हणतात, ठेवा हितं, आमचं पोरगं आयटीला हाय. दिवाळीत घरी गेलो तर पिठाच्या डब्यांशेजारी नऊ मोबाईल मांडून ठेवलेले होते, आणि त्यातला एक टीव्हीचा रिमोट होता. मी काही दुरुस्त करू शकलो नाही. बाबा लोकांना म्हणाले, त्याला मोठी कामं असत्यात.

आता मूळ घोटाळा ऐक. ॲडमिशनच्या फॉर्मवर पालकाचा मोबाईल नंबर द्यायचा होता, आणि त्या नंबरवर आलेला ओटीपी दहा मिनिटांत भरायचा होता. बाबांचा फोन बटणांचा, तो गिरणीत खुंटीला टांगलेला, आणि गिरणी चालू असली की त्यांना फोन ऐकू येत नाही. मी सात वेळा लावला. मागे रांग लागलेली, क्लार्क वैतागलेला. शेवटी मी माझ्याच दुसऱ्या सिमचा नंबर टाकला. वाटलं, एका ओटीपीपुरतं आहे.

पण आमच्या वर्गशिक्षिका श्रावणी मॅडमनी त्या नंबरला पालकांच्या ग्रुपमध्ये घेतलं. पहिले दोन महिने बाबांनी (म्हणजे मी) फक्त हात जोडले. मग एकदा मॅडमनी विचारलं, मुलं अभ्यास का करत नाहीत? कुणीच बोलेना. मला ती शांतता सोसली नाही, आणि बाबांनी वीस ओळी लिहिल्या, पहाटे उठणं, मोबाईलचं वेड, कष्टाची भाकरी, वगैरे. मॅडम एकदम खूश. सगळ्या पालकांनी अंगठे दाखवले. तेव्हापासून लोक सल्ला विचारायला लागले. अक्कलकोटच्या एका गृहस्थांचा मुलगा रात्रंदिवस गेम खेळायचा. बाबांनी महिनाभर फोन काढून घ्या म्हणून कळवलं. तो मुलगा म्हणजे बसू नावाचा माझा रूममेट. महिनाभर तो सल्ला देणाऱ्याला कानडीत शिव्या घालत होता आणि मी त्याला भात वाढत होतो. जूनमध्ये बाबांना एकमताने पालक प्रतिनिधी केलं. (बाबा त्या वेळी जात्याच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावत होते.)

खरं सांगतो आत्या, हळूहळू मला ते बाबा आवडायला लागले. सावकाश बोलायचे, कुणाला तोडायचे नाहीत. आणि त्यांच्या बाजूने बघितलं की अजिंक्य फार वाईट दिसायचा.

मग निकाल लागला. मी चार दिवस कॉलेजला गेलो नाही, नीट जेवलोही नाही. पाचव्या दिवशी त्या नंबरवर मॅडमचा मेसेज आला: “हिंदुरावजी, अजिंक्यचं वर्ष गेलंय. चार दिवस तो कॉलेजलाही आला नाही. मला काळजी वाटते. तुम्ही त्याच्याशी एकदा बोला.” मी तीनदा उत्तर लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, “व्हय मॅडम, मी बोलतो त्याच्याशी.”

त्याला आज आठ दिवस झाले. अजून कुणी बोललेलं नाही.

आईला एवढ्यात काही कळवू नकोस, ती आधी रडेल आणि मग विचारेल. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद द्यायची माझी सध्या लायकी नाही.

तुझा,
अजिंक्य

ता. क. : शनिवारी अकरा वाजता मॅडमनी वर्ष गेल्याच्या कागदावर सहीसाठी पालकाला समक्ष बोलावलंय. जोतीराम मामांची उंची आणि मिशी बाबांसारखीच आहे, आणि मॅडमनी बाबांना कधी पाहिलेलं नाही. मामांनी यावं, सही करावी, फार बोलू नये. पत्र लिहिलं ते यासाठीच.

पुन्हा ता. क. : वरचं खोडलं असं समज. दोन बाप सांभाळताना माझी ही दशा झाली, तिसरा झेपणार नाही. मामांना पाठवू नकोस. तूच माढ्याला जा आणि बाबांना सगळं सांग. गिरणी बंद करायला लावून सांग. पालक प्रतिनिधीचंही सांग, नाहीतर शनिवारी लोक त्यांच्याकडे सल्ला मागतील.

शेवटचं : त्यांना शांत करून पाठव असं मी म्हणत नाही. दोन वर्षं मी त्यांच्या नावाने सगळ्या जगाशी बोललो, पण अजिंक्यशी काय बोलायचं ते मला सुचलं नाही. आज सकाळी मी मॅडमना बाबांचा खरा नंबर दिला. मॅडमचा फोन लागायच्या आत तू पोच.