फणसांबा गोटीरामला, कुऱ्हाड ललिताला

…त्या सकाळी मी अंगण झाडले, पाणी भरले, नागलीची भाकर तव्यावर टाकली. माझे पती सोमनाथ कुऱ्हाड घेऊन फणसाकडे गेले. दीर गोटीरामच्या नातवाचे तोंड आले होते, फणसांबा उगाळून लावायचा होता. फणसाच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखी वाढणारी ती अळंबी, लाकडाइतकी कठीण. कुऱ्हाडीच्या पाठीचे दोन ठोके ऐकू आले. तिसऱ्याला झाडच मोडून त्यांच्या अंगावर आले. सोमनाथांची छाती फुटली तो आवाज मी चुलीपाशी ऐकला. भाकर करपली.

मी, चांगुणा सोमनाथ भोये, वय ६३, राहणार हरसूल, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहिते. डोके ठिकाणावर आहे, गोटीराम काहीही सांगो.

१. घर व दोन एकर भातजमीन मुलगी ललिता हिला. कुऱ्हाडही तिलाच. धार लावलेली आहे.

२. माझी वही नात सृष्टी हिला. कोणत्या झाडावर कोणती अळंबी, ते तीत आहे. फणसावरची वरून काळी, भेगाळलेली. आंबा, गुलमोहराच्या बुंध्यावरची लाखेसारखी चकाकते, कडा पांढरी. कोणतीही बाहेर दिसते तेव्हा आतले लाकूड कुजलेले असते. हे पुस्तकात वाचून मी वर्षभर आधी फणस तोडा म्हणून सांगितले होते. गोटीराम हसला, "वहिनी, औषधाचं झाड हाय ते. पुस्तकात पाहून तोडायचं का?"

३. तो फणसांबा मी ठेवला आहे. त्यावर रक्त वाळले आहे. तो गोटीरामला. हवा तेव्हा उगाळावा. सोमनाथ गेले त्या दिवशी हीच कुऱ्हाड घेऊन मी त्याच्यावर धावले. चौघांनी धरेपर्यंत एक घाव त्याच्या दंडात बसला. त्याची माफी मी या कागदातही मागत नाही.

४. दारातला आंबा गोटीरामशी सामाईक आहे. बुंध्यावर चकाकत्या अळंबीचे तीन थर आहेत. गोटीराम पाडू देत नाही. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत तो पाडावा.

हे कलम वाचून साक्षीदार काळू म्हणाला, "काकू, तू मरशील तवर सृष्टी त्याच आंब्याच्या फांदीला झोका खेळंल ना?"

"सही कर मुकाट," दुसरी साक्षीदार लंकाबाई त्याला म्हणाली.

सही: चांगुणा सोमनाथ भोये
साक्षीदार: काळू गावित, लंकाबाई चौधरी
हरसूल, ९ मे २०२५

पुरवणी, साक्षीदार तेच: कलम ४ रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडले, झोका सोडला. गोटीराम आडवा आला. माझ्या हातात कुऱ्हाड पाहून त्याने दंडावरचा वण चाचपला आणि बाजूला झाला. दुपारपर्यंत मी आंबा पाडला.