आत्याच्या स्टीलच्या बाटल्या

प्रिय आत्या,

काल मी पहिल्यांदा ती घळ बघितली. गडाच्या वाटेवरची, जिच्यातून तू कल्याणच्या त्या मुलीला वर काढलंस. काठावर पालथी पडून खाली डोकावले आणि तशीच मागे सरकले. इथून उतरलीस तू? पन्नाशी उलटल्यावर, लुगड्याचा काचा मारून, भर श्रावणात? तू गेल्याला वर्ष होत आलं, पण आज तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

घळीचं विचारलं की म्हणायचीस, "हाय गो जराशी उतरण." जराशी!

मी मुरबाडहून तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा गडाच्या पायथ्याला तुझं चहा-भाकरीचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. गडावर जाणारी शहरातली मुलं बाटलीचं पाणी मागायची आणि तूही ते विकायचीस. मग एका पावसाळ्यात ओहोळाला लोंढा आला आणि वरच्या रिकाम्या बाटल्या आपल्या खाचरात येऊन बसल्या. लावणीची कोवळी रोपं त्यांच्याखाली आडवी झाली. चिखलात उभी राहून तू ओरडलीस, "आपण भात लावला का बाटल्या? ह्येच पाणी पुढं तानशाच्या धरणाला जातं, मुंबई पिते. नि त्यात घाण कोण घालतं? तर बाटल्या विकणारी मी!"

बंद म्हणजे बंद. म्हशाच्या जत्रेतून तू पोतंभर स्टीलच्या बाटल्या आणल्यास. विहिरीचं पाणी उकळून, गाळून त्यात भरायचीस. ज्याच्याकडे स्वतःची बाटली नसेल त्याच्या हातात एक द्यायचीस. "उतरताना परत द्या." बस्स. ना नाव विचारणं, ना काही ठेवून घेणं!

मला वाटलं, पोतं लवकरच रिकामं होणार. पण लोक परत आणून देत होते! चेपलेल्या, चिखलाने माखलेल्या, पण परत. एकजण विसरून घरी घेऊन गेला, तर पुढच्या रविवारी नुसती बाटली द्यायला आला. काय होतं गं तुझ्या शब्दात?

ती कल्याणची मुलगी बाटली घेताना हसली होती. "मावशी, किती जड आहे ही!" दुपारी धुकं उतरलं. तिच्या बरोबरची मुलं दोन टोळक्यांत खाली आली. प्रत्येकाला वाटत होतं, ती दुसऱ्या टोळक्यात आहे. मग एकच रडारड. गावातली माणसं म्हणाली, धुकं फिटू दे, मग जाऊ.

तू म्हणालीस, "तवर पोर गारठंल." कोयता आणि दोर घेऊन तू निघालीस. मग लाजून दोघं गडी तुझ्यामागे आले, आणि मी.

हाका मारून घसे बसले. शेवटी तू दटावलंस, "गप ऱ्हावा! जरा ऐका." आणि ऐकू आलं. ठण... ठण...

"गाईची घंटा असंल," मी म्हटलं.

"गाय चालते गो. ही एका जागी वाजते."

मला तू वाटेवरच थांबवलंस. घळीकडच्या धुक्यात तू दिसेनाशी झालीस आणि मी नुसता तो आवाज ऐकत उभी राहिले. मग तो थांबला. तो थांबल्यावर मला जे वाटलं, ते मी तुला कधी सांगितलंच नाही, आत्या.

तू तिला पाठीवर बांधून आणलंस. तिचा पाय मुरगळलेला, हाका मारून आवाज गेलेला. हातात बाटली घट्ट, खडकावर आपटून आपटून चेपलेली. तू धापा टाकत म्हणालीस, "बाटली आणलीस ना गो परत?" सगळे हसले आणि ती मुलगी तुझ्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी चूल पेटवलीस. छाती दुखते म्हणून कुण्णाला बोलली नाहीस, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, थेट त्या दुखण्यानेच गेलीस तोवर. ते मात्र मला सांगायला हवं होतंस! गडावरच्या पोरीची हाक ऐकलीस, मग स्वतःची का नाही ऐकलीस?

गेल्या आठवड्यात एक माणूस आला होता. दुकानात फुकट फ्रिज ठेवतो म्हणाला, आत फक्त त्यांच्या पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

दुकान तुझ्याच रीतीने चालवीन. आणि सुगी आटोपली की घळ उतरायला शिकेन. आधी कोरड्या दिवसांत, दोर बांधून, मग पावसात. तुझ्याइतकी धीट मी नाही. पण गडावर कुणी अडकलं, तर या घरातून कुणीतरी निघेल, एवढा शब्द देते.

तुझी भाची,
शालू