तळं आटलं त्या वर्षीची गोष्ट

मंगळवार, फेब्रुवारी २००६. संध्याकाळ.

डुबुक! लहानपणी काठावर पाय वाजला की बेडकं तळ्यात उड्या टाकायची. आज सुनावणीत एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

तळ्याकाठी राहणाऱ्या पारूताईंनीच मला घोडबंदरहून सुनावणीला मुद्दाम नेलं. "नाना, तुमी बोला. तुमाला बोलता येतं." उन्हाळ्यातही पाणी टिकत असेल तर तळं राखीव राहणार, नाहीतर बिल्डरचा भराव पडणार, ते आज ठरायचं होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी साधंच विचारलं, "आजोबा, उन्हाळ्यात पाणी असतं का?"

हो म्हणायचं, बस्स. पण मी रंगलो. शाळेतली तळ्याची कविता म्हटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सांगून बसलो की आम्ही तळ्याच्या तळाशी विटीदांडू खेळायचो! अरे, ते एकाच दुष्काळी वर्षी. एरवी बारा महिने डुबुक. सावरेपर्यंत साहेबांनी लिहूनही घेतलं होतं, 'उन्हाळ्यात कोरडं'. "चला, पुढचे या."

रिक्षात पारूताई एवढंच म्हणाल्या, "कविता चांगली व्हती, नाना."

आत्ता बेल वाजली. पारूताईच परत आल्या असतील, माफी मागू म्हणून धावत गेलो. दारात बिल्डरचा माणूस, हातात पेढ्यांचा बॉक्स. "अंकल, थँक्यू हां! आपने तो कमाल कर दिया."