आठ पानांचा संपादक

३ मार्च, सकाळी ११
आमचा विभाग बंद होऊन आज तीन आठवडे झाले. पंख्यांच्या कंपनीत एकोणीस वर्षं ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. आता ते काम कॉम्प्युटर करतो. करू दे बापडा. मी नोकरी गेलेला माणूस नाही, मोकळा झालेला माणूस आहे. हा फरक हिला नीट समजावून सांगितला. ती ऑफिसला निघाली होती. म्हणाली, मोकळे आहात तर कपडे वाळत घाला.

५ मार्च
लेकीने झीन नावाची चीज दाखवली. एक कागद, तीन घड्या, मध्ये एक काप, की आठ पानांची चिमुकली पुस्तिका तयार! आपणच लेखक, आपणच चित्रकार, आपणच प्रकाशक. कुठल्या साहेबाची सही नको. मी म्हटलं, म्हणजे मासिकच की. ती म्हणाली, "बाबा, मासिकाला कुणीतरी वाचणारं लागतं. झीनला नाही लागत." पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.
नाव ठरलं: ‘भरारी’. ही म्हणाली, पंख्यांचा कॅटलॉग वाटेल. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
पहिला अंक सिद्ध. मुखपृष्ठावर गरुड. लेकीच्या मते कोंबडी. आत मुक्तछंद. सुरुवात अशी: ‘हे दुःखा, तुझे दि. २ चे पत्र मिळाले. सदर बाबीची नोंद घेण्यात आली आहे.’ माझंच मला वाचून अंगावर काटा आला. हिने दोनदा वाचलं आणि विचारलं, जावक क्रमांक टाकायचा राहिला का? नवी शैली पचायला वेळ लागतो.

११ मार्च
झेरॉक्सवाल्या बाईंना जाड, पांढराशुभ्र कागद लावायला लावला. त्या म्हणाल्या, एवढा चांगला कागद कशाला वाया घालवता? व्यापारी वृत्ती. चाळीस प्रती वाचनालयाच्या अभ्यासिकेत, दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या. वर चिठ्ठी: ‘मोफत. मनासाठी.’ ग्रंथपालांनी चिठ्ठी वाचली, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. भारावले असावेत.

१२ मार्च, दुपारी २
गेल्या! चाळीसच्या चाळीस! एका दिवसात! घरी चालत आलो की उडत, आठवत नाही.

१४ मार्च
आणखी साठ. संपल्या. अभ्यासिकेच्या काचेतून डोकावलो. टेबलाटेबलावर ‘भरारी’ उलगडून ठेवलेली, तरुण मंडळी माना खाली घालून बसलेली, प्रत्येकाच्या हातात पेन. अधोरेखित करतायत! मुद्दाम आत गेलो नाही. लेखकाने वाचकावर दडपण आणू नये.

१७ मार्च
हिच्या ऑफिसातल्या बाईंच्या भावाकडे जागा आहे म्हणे. वॉटर फिल्टरची कंपनी, पत्रव्यवहाराचं काम. अर्ज शुक्रवारपर्यंत. मी म्हटलं, दुसरा अंक तोंडावर आलाय. तिने दोरीवरचे कपडे काढताना जरा जास्तच झटकले.

२० मार्च, शुक्रवार
अर्जाला बसलो. ‘महोदय’ लिहिलं आणि कविता सुचली. अर्ज सोमवारी. गरज त्यांना आहे.
दुसऱ्या अंकाच्या शंभर प्रती. शेवटच्या पानावर जाहीर निमंत्रण: बुधवारी दुपारी चार, वाचनालयाचं अंगण, वाचक-लेखक भेट.

२३ मार्च
शंभरही संपल्या!! ग्रंथपालांकडे तीस खुर्च्या मागितल्या. ते म्हणाले, दहा घ्या. मी म्हटलं, नंतर उभं राहायची वेळ आली तर जबाबदार तुम्ही. सोमवार होता हे लक्षातच राहिलं नाही.

२४ मार्च
उद्या वाटायला वीस प्रती मुद्दाम बाजूला. प्रत्येकीवर सही. विसावी सही पहिलीपेक्षा कितीतरी रुबाबदार.

२५ मार्च, संध्याकाळी ७
चारला ही आणि लेक आल्या. हिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. पुढच्या रांगेत बसल्या. दुसरी रांग नव्हतीच म्हणा.
सव्वाचार. कुणी नाही. साडेचारला अभ्यासिकेतून एक मुलगी आली. मी उभा राहिलो. ती म्हणाली, "काका, आज कागद नाही ठेवले?"
कागद?
"ते तुमचे हो. एक बाजू कोरी असते ना, गणितं करायला बरी पडते. शाईसुद्धा पाझरत नाही."
मी विचारलं, आणि छापलेली बाजू?
तिने प्रामाणिकपणे विचार केला. "ती खाली असते, काका."
तिला चार प्रती दिल्या. सही छापील बाजूलाच आहे ना, याची तिने खात्री करून घेतली.
लेक हसू दाबून लाल झाली होती. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "आलोच आहोत तर वाचा की." वाचलं. सगळी आठ पानं. मध्येच ग्रंथपाल येऊन दारात उभे राहिले. मला वाटलं, ऐकायला. त्यांना खुर्च्या परत हव्या होत्या.

२६ मार्च, सकाळी १०
फिल्टर कंपनीला फोन केला. शुक्रवार केव्हाच उलटला, पण जागा अजून आहे. दुपारपर्यंत अर्ज आणा म्हणाले.
आधी कच्चा लिहून काढावा म्हटलं. घरात कोरा कागद शोधला. लेकीच्या वह्या भरलेल्या. उरले होते ते सोळा अंक.
एक उलगडला, पालथा घातला आणि लिहायला बसलो.
पेन काय सुरेख चालतं!