शांतिसेनेचं नाव

८ जाने., इंदापूर
सकाळपासून पेरूच्या बागेत. फळांना फोमची जाळी, वर पिशवी. हात चालू राहिले की बरं वाटतं. दु. डाळजचे शिंदे तात्या आले. ह्यांच्याच पलटणीतले, लंकेतून परत आलेले. बारामतीच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे, माजी सैनिकांनी ठेवलेली. मला परीक्षक व्हा म्हणाले. विषय: भारताने सैन्य वाढवून परदेशात तळ उभारावेत का?
“तुमी नुसत्या बसा वैनी. वीरपत्नी समोर असली की पोरं नीट बोलत्यात.”
नुसतं बसायचं. ते मला चांगलं जमतं. जन्मभर शाळेत शिकवलं, ते कुणाच्या लक्षात नाही.
हो म्हटलं. का, कोण जाणे.

११ जाने.
विषय डोक्यातून जाईना. आमटी दोनदा खारट.
माझं मत कुणी कधी विचारलंच नाही. खुर्ची, शाल, नारळ. “देशासाठी गेले.” हे लंकेत गेले तेव्हा संतू पोटात. अग्नी तिकडंच दिला, अस्थी आल्या. नरसिंगपूरला संगमावर सोडल्या. संतूनं बाप फोटोतच पाहिला, तरी फौजेतच गेला. मी अडवलं नाही. सीमेवर आहे, म्हणजे आपल्याच दारात उभा आहे, अशी मनाची समजूत.

१७ जाने.
स्पर्धा झाली.
एक मुलगा, कोट घातलेला. ज्याचं आरमार त्याचा समुद्र वगैरे. शेवटी माझ्याकडे हात करून “या माउलीच्या त्यागाची शपथ!” टाळ्या. मी शाल नीट केली.
मग मोरगावची प्राजक्ता. बारीक आवाज. म्हणाली, आपल्या बांधावर राखण करणं वेगळं, दुसऱ्याच्या बांधावर काठी घेऊन उभं राहणं वेगळं. भांडणारे भाऊ शेवटी आपल्यावरच उलटतात. लंकेत तेच झालं. आपले जवान ज्यांना वाचवायला गेले त्यांच्यातल्याच लोकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते कशासाठी मेले, हे आजही कुणाला धड सांगता येत नाही.
तात्या माझ्याकडे बघत होते. मी पाण्याच्या बाटलीकडे.
दुसरे दोघे परीक्षक कुजबुजले, “तुमच्यासमोर असं बोलायला नको होतं, मॅडम.” त्यांनी तिचे गुण कापले. मी? कोटवाल्याला दिले तेवढेच दिले. ना कमी, ना जास्त. ती दुसरी आली. हा न्याय नव्हे. माझा पळपुटेपणा.
परतताना गाडीत तात्या: “पोरगी आगाव हाय.”
“खोटं काय बोलली?”
“खोटं न्हाय. पर चारचौघांत...” लासुर्णे गाव मागं पडलं. मग आपणहून: “तितं आमी हुतो म्हणून एक वस्ती वाचली, वैनी. एक म्हातारी आमाला रोज ताक आणून द्यायची. आमी निघालो तवा रडली. तेबी खरंच हाय.”
“पुढं तिचं काय झालं?”
“म्हाईत न्हाय.”

२० जाने.
प्राजक्ता घरी आली, वडलांना घेऊन. म्हणजे वडीलच तिला घेऊन आले. टोपी काढून हातात धरलेली. “माफी माग बाईंची.”
“तुमचं नाव पुकारलं तेव्हा मी मागं भाषण घोकत होते मॅडम. तुम्ही कोण ते मला माहीत नव्हतं.”
“माहीत असतं तर?”
“तरी तेच बोलले असते. पण तुमच्याकडं न बघता.”
आवडलं मला. वडलांचा चेहरा पडला. चहा झाल्यावर पोरीनं विचारलंच, “तुमचं मत काय?” वडलांनी कोपरानं ढोसलं तिला. मी उठून पिशवीत पेरू भरले, हे घेऊन जा म्हटलं.
उत्तर द्यायला हवं होतं. होतं कुठं पण.

२२ जाने.
संतू सुट्टीवर आला. त्याची पोरगी गळ्यात पडली. सुनेचं, सुषमाचं, लक्ष मात्र माझ्याकडे. तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे. जेवण झाल्यावर:
“आई, माझं नाव लागलंय. निळ्या टोपीच्या ड्यूटीला. आफ्रिका. वरीसभर.”
“लागलं, का दिलंस?”
“दिलं.”
“कसली ड्यूटी?”
“युनोची शांतिसेना हाय. लढायला न्हाय जायचं.”
“तुझ्या बापालापण शांतिसेना म्हणूनच पाठवलं होतं.”
पोरगी टीव्ही बघत हसत होती.

२३ जाने.
बागेत माझ्याबरोबर फोम लावायला आला. हात चालू, तोंडही.
“ही वायली हाय आई. एका देशाची फौज न्हाय, सगळ्यांची मिळून. बायका सरपणाला जात्यात, पाण्याला जात्यात, त्यांना वाटंत कुणी मारू नये म्हणून उभं राहायचं. यात वाईट काय?”
“त्यांची फौज कुठं गेली?”
“त्यांचीच फौज मारती.”
तरीही मी वाद घातला. म्हटलं, जगात कुठं ना कुठं असं चालूच असतं, कुठं कुठं पुरे पडणार आपण? आणि मदतीला गेलेला उद्या मालक होऊन बसत नाही कशावरून? तो म्हणाला, मालक व्हायला न्हाय चाललो. मग एकदम: “तू नको म्हण. अजून नाव काढता येतंय. काढतो.”
संताप आला. “माझ्या गळ्यात कशाला घालतोस?”
“मग कुणाला विचारू? बाबांनी इचारलं हुतं तुला?”
नाही. तेव्हा विचारायची रीत नव्हती. हुकूम आला, गेले. आणि आता हा विचारतोय, तर मलाच नको झालंय.

२४ जाने.
सुषमाला स्वयंपाकघरात गाठलं. तुझं काय म्हणणं? भाकरी थापता थापता म्हणाली, “मी व्हय म्हनलंय आत्या. न्हाय म्हनले असते तर हे जन्मभर माज्याकडं तोंड पाडून बघत बसले असते.” मग भाकरी उलटत, माझ्याकडं पाठ करूनच, “भ्या वाटतंय. ते येगळं.”

२६ जाने.
ध्वजवंदन. खुर्ची, शाल, नारळ. भाषणात पाहुणे गरजले, उद्या जगाच्या कानाकोपऱ्यात आपली फौज उभी असेल. टाळ्या. माझ्याही हातांनी वाजवल्या, मला कळायच्या आत. गर्दीत संतू साध्या शर्टात उभा. त्यानं पाहिलं.
टाळ्या म्हणजे होकार धरला असेल का त्यानं? विचारायचं राहिलं. म्हणजे विचारलं नाही.

२८ जाने.
संतू गेला. भिगवण स्टेशनवर सोडायला मी आणि तात्या. गाडीला उशीर. तात्या त्याला सांगत होते, बूट रोज झटकून घाल, पाणी उकळून पी. लंकेतलं शहाणपण. मधेच थांबून म्हणाले, “कुणाच्या घरी ताक प्यायला लागू नको. मागनं तरास हुतो.” संतू हसला. मी नाही.
डब्यात चढताना: “रविवारपर्यंत कळव आई.”
वाकून पाया पडला. मी ‘सुखी राहा’ म्हटलं. त्यात हो आलं का नाही आलं...

३० जाने.
कुठंच जीव लागेना. कपाट आवरलं, परत उपसलं. शेवटी प्राजक्ताला फोन केला. सगळं सांगून विचारलं, तुझ्या भाषणातलं पटतं मला. पण तिथली माणसं खरोखर मरत असतील आणि येऊन उभे राहा म्हणत असतील, तर?
तिच्या पाठीमागं शेळ्या ओरडत होत्या.
“त्याला उत्तर मिळालं नव्हतं मॅडम. म्हणून तो मुद्दा मी घेतलाच नाही.”
बरं वाटलं आणि नाहीही.

१ फेब्रु.
संतूचा फोन. “आज सांगायचंय, आई.”
सकाळपासून दोन वाक्यं तयार होती. एक हो, एक नको. तोंडातून आलं भलतंच. “तिथल्या बायका शेतात काय पिकवतात?”
तो गडबडला. “ज्वारी, असं ऐकलंय. जाऊन आलेला एकजण हाय हितं.”
“भाकरी करतात?”
“भाकरी न्हाय. पीठ शिजवून कायतरी करत्यात म्हणं.”
“भाषा कुठली?”
“लई हायत्या. आमाला चार शब्द शिकवणार हायत. पाणी, थांबा, भिऊ नका...”
लंकेतल्या माणसांबद्दल ह्यांना मी एका पत्रातसुद्धा काही विचारलं नव्हतं. तब्येत जपा, एवढंच लिहायची.
“भिऊ नका कसं म्हणतात?”
“अजून शिकवलं न्हाय.”
हो आणि नको, माझी दोन्ही वाक्यं तशीच राहिली. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.