मले बॉट समजले

मंगळवार, संध्याकाळ. अकोला.

मोबाइलवरच्या नेमबाजीच्या गेमनं माहं खातं कायमचं बंद केलं. काहून, तर म्हणे मी बॉट आहो, माह्याऐवजी मशीन नेम धरते. रोज घोटून घोटून बसवलेला नेम आहे तो! अन् तिवस्याचा मावसभाऊ सागर? त्याचा नेम खरंच मशीन धरते, मी डोळ्यानं पाह्यलं. तो मजेत खेळून राहिला. आज पहिला नंबर आला म्हणून फोटो पाठवला. मले बधाई द्या लागली. खरं सांगू? बंदीपेक्षा त्या नंबरानंच जास्त जळून राहिलो.

आईले सांगतलं, "मले बॉट समजून काहाडलं."

तिनं घाईनं माहा हात धरला. "बोटाले काय झालं रे?"

बॉट सागरचा, अन् बंदी माह्या बोटाले.